रुखवताच्या पापडातला खार

आई, तुम्ही सुटलात म्हणे. गेले पंधरा दिवस मी हेच ऐकते आहे. येणारा प्रत्येक जण दारात चपला काढतो, तुमच्या फोटोकडे बघतो आणि "सुटल्या बिचाऱ्या" म्हणतो. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणतो, "तूपण सुटलीस गो सुनंदा." जसं काही तुम्ही कैदेत होतात आणि मी सून पहाऱ्यावर होते. तुमच्यावाचून मला कसं वाटतंय, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की अजून दुपारी दोनदा उठून मी दाराची कडी बघून येते.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध. तुमचंही आता तसंच चाललंय. आळीतल्या बायका पदराने डोळे पुसत सांगतात, काकींसारखा पापडाचा हात अख्ख्या पेणमध्ये नव्हता. पलीकडच्या मंदावहिनींनी पहिल्याच दिवशी पिठलं-भात पाठवला. पाच वर्षं ज्या घरात त्यांनी घोटभर चहा घेतला नव्हता, त्या घरात त्यांचं पातेलं आलं. मी ते ठेवून घेतलं, धुऊन परत पाठवलं, आणि त्यात रीतीप्रमाणे घालायची चिमूटभर साखर घातली नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "रिकामं भांडं देऊ नये गो." माहीत आहे मला. मुद्दाम दिलं.

पण आज मी त्यांच्याशी भांडायला बसलेले नाही. त्यांच्याशी काय भांडायचं ते परवा भांडून झालं. आज जे बोलायचं ते तुमच्याशी आहे, आणि ते मी तुमच्या हयातीत बोलायला हवं होतं.

मंदावहिनींच्या सुलभाच्या लग्नाच्या वर्षी, चैत्रात, त्यांच्या ओटीवर आपण सगळ्या जमलो होतो. उन्हाळ्यात आपल्या आळीची रीतच ती. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, ज्या घरचे पापड त्या घरी सगळ्यांनी पाट-लाटणं घेऊन जायचं. लाटायला कुणीही बसावं, पण पिठात पापडखार घालायचा तो तुम्हीच. तळहातावर घ्यायचात, एकदा झेलून बघायचात आणि परातीत टाकायचात. वजन नाही, माप नाही. चाळीस वर्षांत तुमचा खार चुकला नाही म्हणून लेकीच्या रुखवताच्या पापडांनाही मंदावहिनींनी तुम्हालाच हाक मारली. शिवाय लग्नघरचं पीठ देवापुढे पापड ठेवल्याशिवाय उष्टं करायचं नाही, ही आणखी एक रीत. त्यामुळे कच्ची लाटी तेलात बुडवून खायची मजा त्या दिवशी पोरांनाही नव्हती.

तुम्ही खार घातलात आणि पाणी आणायला मागच्या दारी गेलात. मी पाट मांडत होते, तुम्ही घातलेला मला दिसला नाही. माझी नजर परातीकडे गेली. शेजारी खाराचा पुडा होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. त्या आठवड्यात तुम्ही दोनदा आमटीत दुबार मीठ घातलं होतं. बाजारातून भाजी न घेता परत आला होतात, आणि कशाला गेले होते असं मलाच विचारलं होतंत. मी मनात म्हटलं, विसरल्या. तुम्हाला हाक मारून विचारायला मागचं दार दहा पावलांवर होतं. मी विचारलं नाही. मूठ भरून खार घेतला, पिठात टाकला आणि हात फिरवून सारखा केला. चारचौघींत तुमची फजिती वाचवली म्हणून स्वतःवर खूशसुद्धा झाले.

संध्याकाळी मंदावहिनींनी देवापुढे ठेवायला चार पापड तळले. गुळासारखे लाल झाले. जिभेवर ठेवले तर कडूजहर. पाचशे पापड होते, ओटीपासून माडीपर्यंत साड्यांवर वाळत घातलेले. सुलभा रडायला लागली. तुम्ही एक तुकडा तोंडात धरलात, थुंकलात आणि म्हणालात, "दोनदा पडलाय. पण मी एकदाच घातला गो. पुडा दोन घरांचा मिळून आणलेला, उद्याचा खार त्यातच हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी चहाच्या कपबश्या गोळा करत होते. मी त्या गोळा करतच राहिले.

मंदावहिनी म्हणाल्या, "काकी, तुम्हाला आठवत नसंल." त्या रागाने बोलल्या नाहीत, सांभाळून घेतल्यासारख्या बोलल्या, आणि तेच वाईट झालं. रागावल्या असत्या तर तुम्ही भांडला असता. ओटीवरच्या सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी कपबश्या घेऊन आत गेले. करून गेला गाव आणि कान्होबाचं नाव, ही म्हण तुम्हीच मला शिकवली होती.

घरी येताना वाटेत तुम्ही म्हणालात, "मग माझाच हात चुकला असंल." आणि मी, तुमची सून, जिला तुम्ही पंधरा वर्षं पापड शिकवत होतात, म्हणाले, "असू दे आई, वयाने होतं."

पुढे पनवेलच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. हा मेंदूचा आजार आहे, वेड नव्हे, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मला वाटलं, नाव मिळालं म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. आळीत सांगितलं, तर एकीने विचारलं, "लागण होते काय गो?" दुसरी म्हणाली की तिच्या गावच्या एका म्हातारीचंही असंच झालं होतं, ते बाहेरचं निघालं. तिसरीने काहीच विचारलं नाही, फक्त आपल्या नातीला तुमच्या मांडीवरून उचलून घेतलं. पुढच्या चैत्रात आपल्याला लाटायला हाक आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि दर वेळी कारण तेच, "मागं सुलभाच्या वेळी काय झालं, ठाऊक हाय ना?" तुमच्या आजाराचा पुरावा म्हणून आळीत माझी मूठ फिरत होती.

सगळ्यात संताप कशाचा यायचा सांगू? त्या परीक्षेचा. रस्त्यात कुणीही भेटो, तुमच्यासमोर उभं राहून दात काढून विचारायचं, "काकी, ओळखलंत काय मला? सांगा बरं, मी कोण?" जणू तुम्ही जत्रेतला नंदीबैल होतात, मान हलवून दाखवायला. तुम्ही पदराचं टोक मुरगाळत हसायचात, आणि ते घरी जाऊन सांगायचे, काकी पार गेल्या. एकदा मात्र तुम्ही चांगलं उत्तर दिलंत. पोह्याच्या गिरणीवाल्याने विचारलं, "मी कोण?" तर म्हणालात, "तुला पण म्हायत नाय व्हय रे?" त्या दिवशी मी बाजारभर हसत घरी आले.

दुसरा संताप, तुमच्यादेखत तुमच्याविषयी माझ्याशी बोलण्याचा. जेवते काय, रात्री उठते काय, कपड्यात करते काय. तुम्ही शेजारी बसलेल्या. ऐकत असायचात तुम्ही. एकदा पाहुणे गेल्यावर म्हणालात, "कोण ती बाई, जिच्या कपड्याचं चाललेलं? बिचारीला घरात तरी ठेवतात काय?" मी म्हटलं, ठेवतात. आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तुमच्या लेकीचंही सांगते. शालूताई रोह्याजवळच्या अष्टमीहून तुम्हाला न्यायला आल्या, महिनाभर ठेवते म्हणाल्या. आठव्या दिवशी परत आणून सोडलं. त्यांच्या मुलीला बघायला रोह्यातलेच पाहुणे येणार होते. घराण्यात वेड आहे असं कळलं तर? त्यांनी मला हे सरळ सांगितलं, आणि खोटं का बोलू, त्यांची भीती खोटी नव्हती. पण मधल्या दिवसांत त्यांनी तुम्हाला खांब गावाच्या पुढे कुठल्याशा वाडीत भगताकडे नेलं होतं. त्याने तुम्हाला धुरीसमोर बसवलं. तुमचे डोळे चार दिवस लाल होते. तुम्ही मला विचारत होतात, "चूल कोणाची फुंकली मी?" शालूताईंशी मी त्या वेळी जे बोलले ते सांगण्यासारखं नाही.

आणि तुमचा लेक. डोलवीला कंपनीत सांगायचे, आईला सांधेदुखी आहे. शिफ्टवरच्या एकालाही पाच वर्षांत घरी आणलं नाही. मी त्यांना टोचून बोलायचे, लाज वाटते का आईची? ते म्हणायचे, लाज नाही, पण लोक हसतात ते बघवत नाही. मला हे बोलायचा हक्क काय होता? बाजारात जाताना बाहेरून कडी घालणारी मी. कुणी विचारलं तर "झोपल्यात" म्हणणारी मी, आणि कधी "रोह्याला गेल्यात". एकदा हे बोलत असताना तुम्ही आतून दार वाजवलंत. विचारणारीने ऐकलं, मी ऐकलं, आणि दोघी कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

गेल्या वर्षीचा चैत्र. सकाळी पलीकडून पीठ कुटल्याचा आवाज यायला लागला. मी गच्चीवर कपडे घालत होते, कडी घालायची राहिली होती. खाली आले तर तुम्ही नाही, आणि भिंतीवरचा तुमचा पाट आणि लाटणं नाही. मी धावले. तुम्ही मंदावहिनींच्या ओटीवर रांगेत बसला होतात, खांबाजवळच्या तुमच्याच जागेवर. दोन्हीकडच्या बायका सरकून लांब झाल्या होत्या. तुम्ही लाटत होतात, आणि तीन पापड लाटून झाले होते, नेहमीसारखे पातळ, काठाला उचलताना पडणारी अंगठ्याची खूण असलेले. ते तीन बाकीच्यांत न घालता वेगळ्या कागदावर ठेवले होते. चौथी लाटी मंदावहिनींनी माझ्यासमोर तुमच्या हातातून काढून घेतली. "काकी, घरी जावा. सून शोधत असंल."

तुम्ही हात तसेच पाटावर ठेवून विचारलंत, "माझं काय चुकलं गो?"

सगळ्यांना सुलभाचं रुखवत आठवत होतं. ओटीवर एक बाई अशी होती जिला तुमचं काहीही चुकलं नव्हतं हे माहीत होतं. तिने तुमचा दंड धरला, ते तीन पापड कागदासकट उचलले आणि तुम्हाला घरी आणलं. त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उडदाचं पीठ आणलं. परात तुमच्यापुढे ठेवली, खाराची वाटी तुमच्या हातात दिली. तळहातावर घेतलात, एकदा झेललात आणि टाकलात. मी वाटी लगेच उचलून फडताळात ठेवली. बस, एवढंच करायचं होतं. एकदा घालून झालं की वाटी समोरून उचलायची. एवढं आळीला पाच वर्षांत जमलं नसतं? मला जमलं नसतं? आठ दिवस आपण दोघीच लाटत होतो, दोनशे पापड झाले. दर दहा मिनिटांनी तुम्ही विचारायचात, "खार घातला काय गो?" मी म्हणायचे, घातलात आई, तुम्ही घातलात. मग तुमचा चेहरा निवळायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

पापड संपले, प्रश्न संपला नाही. पावसाळ्यात विचारलात, दिवाळीत विचारलात. माझं नाव गेलं, लेकाचं नाव गेलं, घास गिळायचं गेलं, पण खार राहिला. शेवटच्या आठवड्यात ओठ नुसते हलायचे, तरी मला कळायचं काय विचारताय ते. त्या आठवड्यात दिवसभर घरात आपण दोघीच असायचो. कानाशी तोंड नेऊन खरं सांगायला एक मिनिटही पुरलं असतं. मी दर वेळी तुमचे ओठ ओल्या फडक्याने पुसले आणि म्हटलं, झोपा आता.

परवा तेरावं झालं. तेरा दिवस घरात कढई चढली नव्हती. मी पत्र्याचा डबा उघडला आणि आपले पापड तळायला घेतले. पांढरेशुभ्र फुलले. ते तीन वेगळे ठेवले होते, मंदावहिनींच्या पिठाचे. त्यातला एक त्यांच्या पानात मुद्दाम वाढला, दुसरा शालूताईंना. तिसरा तुमच्या पानात. पंगत बसली. तुमचे गुण गाऊन झाले, आमटीची चौकशी झाली. मंदावहिनींनी पापड मोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "काकींसारखाच हात बसलाय गो तुझा."

मी म्हटलं, "माझा नाही. त्यांचाच हात आहे. तुम्ही खाताय तो तुमच्याच पिठाचा, गेल्या वर्षी कागदावर वेगळा ठेवलात तो. बाकीचे त्यांनी घरी लाटले. खारही त्यांनीच घातला."

कोपऱ्यातल्या एकीने हातातला तुकडा पानाच्या कडेला ठेवला. मी बघितलं. ते तिला कळलं आणि तिने तो पुन्हा उचलला. मंदावहिनी चावायच्या थांबल्या होत्या. मग त्यांनी गिळलं. हळूच म्हणाल्या, "मग सुलभाच्या वेळीच कसं काय झालं असंल?"

वाढायचं ताट माझ्या हातात होतं. या वेळी मी आत गेले नाही.

"तो दुसरा खार मी घातला होता," मी म्हटलं. "त्या विसरल्या असतील असं मला वाटलं. त्या विसरल्या नव्हत्या."

शालूताई उठायला लागल्या, मंदावहिनींना म्हणाल्या की हिला बरेच दिवस झोप नाही, दमलीय, काहीबाही बोलते. दुसरी म्हणाली, सांभाळता सांभाळता हिच्याही डोक्यावर परिणाम झाला असेल, असं होतं म्हणतात. बघा आई. खरं बोलायला पाच वर्षं लावली, तर बोलल्याबरोबर पाच मिनिटांत मलाही तुमच्या रांगेत बसवलं. मला हसू आलं, आणि त्याने त्यांची खात्रीच पटली. तुमच्या लेकाने मात्र पान सोडून माझ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेचं काय करायचं ते अजून मला कळलेलं नाही. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. न बोलोत. त्यांची आई होती.

मंदावहिनींनी पान पूर्ण संपवलं. हात धुतले, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि तिथे जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. काय बोलल्या असतील ते त्या जाणोत आणि तुम्ही. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चैत्रात लाटायला ये." दोन पायऱ्या उतरल्या, मग वळल्या. "पण खाराला हात लावू नको गो. खार माझा मी बघीन."

म्हणजे त्यांना पटलं.

आई, मी जाणार आहे. तुमचा पाट आणि लाटणं घेऊन खांबाजवळ तुमच्या जागेवर बसणार आहे. खाराची वाटी मी जाऊन बसले की उचलून ठेवतील, माझ्या हाताकडे बघत राहतील, एकमेकींना डोळ्यांनी खुणावतील. यंदा कुणाचेही पापड बिघडले तरी नाव माझंच निघेल. निघू दे. तुमचं निघणार नाही.